मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा आणि त्यानुसार मूत्रपिंडे कशी जपावीत

दोन माणसांच्या अहवालांत क्रिएटिनिनचा आकडा एकच आहे : १.१. पहिला अहवाल २५ वर्षांच्या तरुणाचा आहे आणि दुसरा ६५ वर्षांच्या बाईंचा. कागदावर दोन्ही आकडे लॅबने छापलेल्या नॉर्मल मर्यादेत बसतात, कोणत्याही आकड्यापुढे तारांकन नाही आणि घरी दोघांनाही ‘किडनी चांगली आहे’ असेच सांगितले जाते. प्रत्यक्षात वय आणि लिंग हिशेबात घेऊन मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढली, तर तरुणाची ती मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर येते आणि बाईंची सुमारे ५६. म्हणजे बाईंच्या बाबतीत पुढच्या तपासण्या करण्याची वेळ आलेली आहे आणि तो कागद फाइलमध्ये ठेवून विसरण्याची चूक घरातल्या कोणाच्याही हातून होऊ शकते. मूत्रपिंडांचा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, ताप आणत नाही आणि अर्ध्याहून अधिक क्षमता जाईपर्यंत रोजच्या कामात अडथळाही आणत नाही. म्हणूनच अहवाल वाचता येणे हे येथे इतर अनेक आजारांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

या लेखात अहवालातील प्रत्येक आकड्याचा अर्थ कसा लावावा, कोणती तपासणी बहुधा राहून जाते, पुन्हा तपासणी केव्हा करावी आणि मूत्रपिंडे जपण्यासाठी घरात नेमके काय बदलावे, हे क्रमाने सांगितले आहे. निदान आणि औषधे हे डॉक्टरांचेच काम आहे. मात्र त्यांच्यासमोर बसताना योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढी तयारी प्रत्येकाने करावी.

रक्त देण्यापूर्वी

लॅबमध्ये या तपासणीला ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ म्हणतात. निव्वळ क्रिएटिनिन आणि युरियासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. मात्र त्याच वेळी साखर किंवा चरबीची तपासणी असेल, तर लॅब सांगेल तसे उपाशी जावे. आदल्या रात्री मटणाचा भरपूर बेत झाला असेल, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी जिममध्ये जड व्यायाम झाला असेल किंवा व्यायाम करणारे घेतात ती क्रिएटिनची पावडर सुरू असेल, तर क्रिएटिनिन खरोखरच्या स्थितीपेक्षा थोडे वर दिसू शकते. उलट्या-जुलाब झालेले असताना किंवा उन्हातान्हात दिवसभर पाणी न पिता गेलेल्या माणसानेही लगेच तपासणी केली, तर आकडे फुगलेले येतात. शक्य असेल तर प्रकृती नेहमीसारखी असताना, नेहमीसारखे पाणी पिऊन जावे. अहवाल ‘चांगला’ यावा म्हणून सकाळी दोन-तीन लिटर पाणी पिणे मात्र चुकीचे आहे, कारण त्याने लघवी पातळ होऊन तिच्यातील दोष झाकला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे दरवेळी एकाच लॅबमध्ये जावे. क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत : एक जुनी, जॅफे यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगमापनाची पद्धत आणि दुसरी एन्झायमॅटिक पद्धत. कोणती वापरली ते अहवालात आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पद्धत बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे सरकतो, आणि तो सरकणे आजाराचे आहे की यंत्राचे, हे कळेनासे होते. सोबत चालू औषधांची यादी न्यावी. तिच्यात ‘साधी’ समजली जाणारी वेदनाशामके, काढे आणि पावडरीही लिहाव्यात.

क्रिएटिनिन : उपयोगी, पण एकट्याने अपुरे

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. स्नायू साधारण ठरावीक प्रमाणात तो रक्तात सोडत राहतात आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणे मंदावले की रक्तात तो साठतो, एवढ्यावरच ही तपासणी उभी आहे. प्रौढ पुरुषांत सुमारे ०.७ ते १.३ आणि स्त्रियांत सुमारे ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा बहुतेक लॅब छापतात.

अडचण अशी की हा आकडा स्नायूंवर अवलंबून आहे. पीळदार शरीराच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.३ असूनही मूत्रपिंडे उत्तम असू शकतात, तर अंथरुणाला खिळलेल्या, वजन उतरलेल्या वृद्धाचे ०.९ असूनही त्याची मूत्रपिंडे बरीच थकलेली असू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळण्याची क्षमता आणि क्रिएटिनिन यांचे नाते सरळ रेषेचे नाही. क्षमता पूर्णावरून निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन ०.७ वरून कसेबसे १.३ वर जाते, आणि शेवटी शेवटी मात्र थोडी क्षमता गेली तरी आकडा झपाट्याने चढतो. त्यामुळे ०.७ चे १.१ होणे हे दिसायला किरकोळ असले, तरी ५ चे ५.४ होण्यापेक्षा अधिक क्षमता गमावल्याचे ते लक्षण असते. म्हणून ‘नॉर्मलमध्ये आहे ना’ एवढेच न पाहता ‘मागच्या वर्षी किती होते’ हे आधी पाहावे.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांच्या अहवालाशी आपला अहवाल ताडून पाहताना एककांकडेही लक्ष द्यावे. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटर या एककात देतात. आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो, आपले १.१ म्हणजे त्यांचे सुमारे ९७. तिथल्या मुलीने फोनवर ‘माझे ९७ आहे’ म्हटले म्हणून इकडे घाबरण्याचे कारण नाही.

ईजीएफआर : खरा वाचायचा आकडा

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे २० लाख गाळण्या असतात आणि त्या दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा भाग परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बनते. एका मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते, त्याला जीएफआर म्हणतात. तो प्रत्यक्ष मोजणे किचकट असल्यामुळे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने अंदाज बांधतात आणि त्या अंदाजाला ईजीएफआर हे नाव आहे. सध्याचे प्रचलित सूत्र २०२१ सालचे ‘सीकेडी-ईपीआय’ हे आहे. काही लॅब अजूनही २००९ चे तेच सूत्र किंवा त्याआधीचे ‘एमडीआरडी’ वापरतात. वर्षागणिक तुलना करताना सूत्र तेच आहे ना, हे पाहावे. अहवालात ईजीएफआर छापलेलाच नसेल तर लॅबला तो देण्याची विनंती करावी किंवा डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

आकड्यांचे टप्पे असे : ९० आणि त्यावर पहिला, ६० ते ८९ दुसरा, ४५ ते ५९ तिसऱ्याचा पहिला भाग, ३० ते ४४ तिसऱ्याचा दुसरा भाग, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. येथे एक गैरसमज फार माणसांची विनाकारण झोप उडवतो. ईजीएफआर ७५ आला आणि शेजारी ‘स्टेज २’ छापले गेले, म्हणजे आजार झाला असे नव्हे. ६० च्या वरचा आकडा असताना लघवीत प्रथिने किंवा रक्त नसेल, सोनोग्राफी ठीक असेल आणि इतर कोणताही दोष नसेल, तर त्याला मूत्रपिंडाचा आजार म्हणत नाहीत. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एखाद्या मिलिलिटरची घट वयामुळेही होते.

याउलट ६० च्या खालचा आकडा सलग तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकला, तर तो दीर्घकालीन आजार मानतात. एका अहवालावरून हे निदान करता येत नाही. तापात, जुलाबात किंवा वेदनाशामकांच्या मात्रेनंतर आलेला ५२ पुढच्या महिन्यात ७० होऊ शकतो. फार स्नायुबद्ध किंवा फार कृश माणसांत, पाय गमावलेल्या व्यक्तींत किंवा निर्णय काठावर असेल तेव्हा डॉक्टर ‘सिस्टॅटिन सी’ ही दुसरी रक्ततपासणी सांगतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. मात्र थायरॉइडचा विकार आणि स्टेरॉइडची औषधे तिच्यावर परिणाम करतात.

युरिया, युरिक अ‍ॅसिड आणि क्षार

युरियाचा आकडा वाचताना आधी शीर्षक नीट पाहावे, कारण काही लॅब ‘युरिया’ देतात आणि काही ‘बीयूएन’. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया येतो. त्यामुळे एका लॅबमधला बीयूएन १६ आणि दुसऱ्या लॅबमधला युरिया ३४ हे एकच आहेत. युरिया ‘दुप्पट झाला’ म्हणून धावपळ करू नये. पाणी कमी पडणे, प्रथिनांचा मोठा आहार, स्टेरॉइड आणि पोटातला रक्तस्राव यांनीही युरिया वाढतो. क्रिएटिनिन स्थिर असून फक्त युरिया वाढला असेल, तर प्रथम ही कारणे तपासतात.

युरिक अ‍ॅसिड किंचित वाढले की लगेच गोळी सुरू करण्याचा आग्रह अनेक रुग्णच धरतात. सांधे लाल होऊन दुखण्याचा त्रास, खडे किंवा इतर ठोस कारण नसेल, तर केवळ आकड्यासाठी औषध बहुधा लागत नाही.

पोटॅशियमकडे मात्र गंभीरपणे पाहावे. ते साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते. ६ च्या वर गेले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. त्याच वेळी एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी : गावातल्या संकलन केंद्रावर घेतलेले रक्त जिल्ह्याच्या लॅबपर्यंत काही तासांनी पोहोचते, वाटेत रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम नमुन्यात मिसळते. दंडाला फार वेळ पट्टा आवळून ठेवला आणि मूठ वारंवार उघड-मीट करायला लावली, तरीही आकडा वाढतो. अहवालाखाली ‘हीमोलाइज्ड’, म्हणजे नमुन्यातील पेशी फुटलेल्या, असा शेरा असेल, तर नमुना तातडीने पुन्हा द्यावा. पण शेरा आहे म्हणून वाढलेला आकडा खोटाच आहे असे गृहीत धरून घरी बसू नये.

लघवीची तपासणी : जी सर्वांत आधी बोलते आणि सर्वांत जास्त राहून जाते

माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत कामाचा भाग हाच आहे. मधुमेहात मूत्रपिंडांना होणारी इजा क्रिएटिनिनमध्ये दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी लघवीत दिसू शकते. निरोगी गाळणी रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ सोडतच नाही. गाळणीची जाळी सैल पडली की ते थोडे थोडे लघवीत उतरू लागते. त्या वेळी ईजीएफआर शंभर असू शकतो, माणसाला काहीही जाणवत नाही, आणि उपचारांनी सर्वाधिक फायदा होण्याचा काळही नेमका तोच असतो. असे असूनही वर्षानुवर्षे मधुमेहाची औषधे घेणारी, दर तीन महिन्यांनी साखर तपासणारी अनेक माणसे ही तपासणी एकदाही करत नाहीत, याचे मला मनापासून दुःख वाटते.

लघवीच्या साध्या रुटीन तपासणीत प्रथिने ‘निल’, ‘ट्रेस’, ‘१+’, ‘२+’ अशी लिहितात. ही पट्टीची तपासणी ढोबळ आहे, कारण लघवी पातळ असेल तर प्रथिने असूनही पट्टी रंग बदलत नाही. म्हणून ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर’ मागावे; लॅबमध्ये ते ‘एसीआर’ किंवा ‘मायक्रोअल्ब्युमिन’ या नावाने मिळते. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ डबीत द्यावी. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करण्याचा त्रास बहुतेकांना आता घ्यावा लागत नाही. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जड व्यायाम असेल, तर तपासणी पुढे ढकलावी.

गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ आणि ३०० च्या वर तीव्र वाढ मानतात. एकदा वाढलेले आले तर तीन ते सहा महिन्यांत आणखी दोन नमुने द्यावेत. तीनपैकी दोन वाढलेले आले तर दोष खरा समजतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाले त्याच वर्षी आणि नंतर दरवर्षी, पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांपासून दरवर्षी ही तपासणी करावी. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा घरात मूत्रपिंडाच्या आजाराचा इतिहास असणाऱ्यांनीही ती चुकवू नये.

रुटीन अहवालातील तांबड्या पेशींकडेही लक्ष असू द्यावे. लघवीतून डोळ्यांना दिसणारे रक्त एकदाच गेले, दुखलेही नाही आणि आपोआप थांबले, तरी चाळिशीनंतरच्या माणसाने ते सोडून देऊ नये. वेदनारहित रक्तस्राव हे मूत्राशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या गाठीचे लक्षण असू शकते, आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत ही शंका अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. लघवीला न विरणारा फेस सतत येणे, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पावलांवर सूज दिसणे, हेही प्रथिने जात असल्याचे लक्षण असू शकते.

दोन आकडे एकत्र वाचणे

ईजीएफआर सांगतो की गाळणी किती काम करते, आणि गुणोत्तर सांगते की ती किती वेगाने झिजण्याची शक्यता आहे. ईजीएफआर ५० आणि गुणोत्तर १० असलेल्या सत्तरीच्या माणसापेक्षा ईजीएफआर ८० आणि गुणोत्तर ६०० असलेल्या पस्तिशीच्या माणसाची काळजी मला अधिक वाटेल. सोनोग्राफी तिसरी बाजू दाखवते. प्रौढांची मूत्रपिंडे साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असतात. ती आक्रसलेली दिसली तर आजार जुना असण्याचा संभव असतो, आणि फुगलेली दिसली तर पुढे कुठेतरी खडा, वाढलेली प्रोस्टेट किंवा अन्य अडथळा आहे का ते पाहावे लागते. अडथळा वेळेत दूर केला तर गेलेली क्षमता बऱ्याच अंशी परत मिळू शकते, म्हणून सोनोग्राफीला टाळाटाळ करू नये.

ईजीएफआर ३० च्या खाली असेल, गुणोत्तर ३०० च्या वर टिकून असेल, क्षमता वर्षाला ५ पेक्षा अधिक वेगाने घटत असेल, लघवीत रक्त आणि प्रथिने दोन्ही असतील किंवा घरात पॉलिसिस्टिक किडनीसारखा आनुवंशिक आजार असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडविकारतज्ज्ञाकडे, जावे. ‘तिकडे गेलो की डायलिसिसच सांगतील’ ही भीती अनेकांच्या मनात घर करून असते. त्या भीतीने जे लोक उशिरा पोहोचतात, त्यांच्यावरच तातडीच्या डायलिसिसची वेळ अधिक येते.

जपणूक : रक्तदाब आणि साखर

मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बहुतेकांसाठी रक्तदाब १३० / ८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात, आणि झेपत असेल तर वरचा आकडा १२० च्या आसपास आणतात. घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी औषधे रक्तदाबाबरोबरच लघवीतले प्रथिनही कमी करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि ‘या गोळीने किडनी बिघडली’ असे समजून रुग्ण ती परस्पर बंद करतात. ३० टक्क्यांपर्यंतची सुरुवातीची वाढ अपेक्षित आणि बहुधा निरुपद्रवी असते. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून पुढचा निर्णय घेतात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची औषधे मूत्रपिंडांची झीज मंदावतात, हे गेल्या काही वर्षांतील मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे आणि मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांनाही ती दिली जातात. आपल्याला ती लागू पडतील का, असा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. मेटफॉर्मिनची मात्रा ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर कमी करावी लागते आणि ३० च्या खाली ते थांबवतात. म्हणून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच गोळी आणत राहू नये.

औषधांच्या दुकानातून येणारा धोका

गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून महिनोन्‌महिने खाणे ही आपल्याकडची अगदी घरगुती झालेली सवय आहे. ही औषधे मूत्रपिंडातला रक्तपुरवठा कमी करतात. त्यांच्या जोडीला रक्तदाबाची वरील औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिन्ही मिळून काही दिवसांतही क्रिएटिनिन चढवू शकतात. दुखण्यासाठी ठरलेल्या मात्रेतील पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय (चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचे द्रव्य) देणार असतील, तर आपला ईजीएफआर आधी सांगावा.

भस्मे आणि लेबल नसलेल्या पुड्या यांबाबतही स्पष्टच लिहितो. शिसे, पारा किंवा आर्सेनिक असलेली, कोणी तयार केली हे माहीत नसलेली औषधे मूत्रपिंडांना इजा करतात, आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाने ती इजा टळत नाही. त्वचा उजळ करणाऱ्या पारायुक्त क्रीममुळे लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याची उदाहरणे केरळात आणि महाराष्ट्रातही आढळली आहेत. क्रीम थांबवल्यावर पुष्कळ रुग्ण सुधारतात, म्हणून सूज आलेल्या तरुण रुग्णाने डॉक्टरांना न लाजता क्रीमविषयी सांगावे.

ताटात काय आणि किती

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लहान चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती घरात कशी मोजायची? चार प्रौढांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरायला हवे, आणि त्यात पापड, फरसाण, लोणची, सॉस यांतले मीठही धरलेले आहे. एक किलोची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल, तर उत्तर समोरच आहे. पानाच्या डाव्या बाजूचे लोणचे, ठेचा, तळलेली सांडगी मिरची आणि वरून घेतलेले मीठ यांपासून सुरुवात करावी. किनारपट्टीवर सुके बोंबील आणि खारवलेले मासे यांचाही हिशेब ठेवावा. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्यांना साधारणपणे दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात किंवा एका अंड्यात सुमारे ६ ते ७ ग्रॅम असतात, म्हणजे डाळ-उसळ पूर्ण बंद करण्याचे कारण नाही. घाबरून डाळी, दूध, अंडी सगळे सोडलेल्या वृद्धांचे स्नायू झिजतात, आणि मग क्रिएटिनिन ‘कमी झाले’ म्हणून घरात समाधान व्यक्त होते, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे. डायलिसिसवर असलेल्यांना तर प्रथिने अधिक लागतात. नारळपाणी, केळी, टोमॅटो, बटाटा यांवर बंधन पोटॅशियम वाढलेले असेल तेव्हाच घालतात. सर्वांनी ती सोडायची नसतात. कमरख (स्टार फ्रूट) मात्र मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांनी पूर्णपणे टाळावे, कारण त्यातील द्रव्यांमुळे न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

पाण्याबद्दल ‘जितके जास्त तितके चांगले’ हे खरे नाही. निरोगी माणसाने लघवी फिकट पिवळी राहील इतके प्यावे. खड्यांचा त्रास असलेल्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके. सूज, हृदयविकार किंवा घटलेली लघवी असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी घ्यावे.

ऊन, पावसाळा आणि विंचूकाटा

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला दिवसभर राबणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि अशा दिवसांत वेदनाशामक गोळी घेऊन काम रेटणे कटाक्षाने टाळावे. उलट्या-जुलाब लागले तर रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि लघवीच्या कोणत्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या मुंबईतील पुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे आणि लघवी कमी होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर थांबू नये. घोणस चावल्यानेही मूत्रपिंडे तीव्रपणे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाला विषप्रतिबंधक लस असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे आणि लघवी किती होते याची नोंद ठेवावी. अशा कोणत्याही तीव्र इजेतून बरे झाल्यावर तीन महिन्यांनी ईजीएफआर आणि गुणोत्तर पुन्हा तपासावे.

बारा तास लघवीच न होणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, ग्लानी, झटके, खूप अशक्तपणासह छातीत धडधड, किंवा खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही झाले तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि २०१६ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात सोय आहे का, याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

वहीचे एक पान

घरातील प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णासाठी वहीत एक पान आखावे : तारीख, लॅब, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतील गुणोत्तर, पोटॅशियम, रक्तदाब, वजन, आणि त्या महिन्यात सुरू किंवा बंद झालेले औषध. सगळे ठीक असेल तर वर्षातून एकदा, तिसऱ्या टप्प्यात असाल तर डॉक्टर सांगतील तसे साधारण सहा महिन्यांनी आणि चौथ्या टप्प्यात तीन-चार महिन्यांनी नवी ओळ भरावी. डॉक्टरांकडे जाताना प्लास्टिकच्या पिशवीतली सगळी फाइल उलगडण्याऐवजी आधी हे पान त्यांच्यापुढे ठेवावे आणि गुणोत्तराचा रकाना रिकामा असेल, तर ती तपासणी त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावी.